इथंच सांगा

"जरा बाहेर या" असं कोणी म्हटलं की विमलताई रामटेकेंच्या अंगावर पाल पडायची.

हे वाक्य तुम्हीही दवाखान्यात ऐकलं असेल. डॉक्टर पेशंटला तपासतात, हसून "सब बढ़िया" म्हणतात आणि दाराशी जाऊन घरच्यांना मानेनं खूण करतात. घरचे बाहेर जातात. तिथं खरं काय ते ऐकतात, डोळे पुसतात, तोंडावर हसू चिकटवतात आणि आत येऊन सांगतात, "काही नाही हो, अशक्तपणा आहे." आमच्या खानदानात तर हीच रीत. माझ्या सासऱ्यांना शेवटच्या दिवसापर्यंत ॲसिडिटीच होती. त्यांच्या तेराव्याला कुठं मोठ्यानं दुखण्याचं खरं नाव घेतलं गेलं.

मी एकदा विमलताईंना विचारलं होतं, "ताई, एवढा राग काहून येते तुम्हाला या गोष्टीचा?" तर म्हणाल्या, "तुझ्या घरात आज काय शिजलं हे तुले शेजारणीकडून कळलं तं चालंल का? मग? शरीर त्याचं, आन् बातमी जाते त्याच्या साळ्याच्या घरी!"

विमलताई फिजिओथेरपिस्ट होत्या. सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्यावर रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी पेशंट बघायच्या. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून भिलाईच्या कारखान्यात आलेले, त्यामुळे बोलणं आपल्या विदर्भाकडचं, पण हिंदी आणि छत्तीसगढीही तितकीच तयार. सगळी बस्ती त्यांना दीदी म्हणायची, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा. मी मात्र ताई म्हणायची. मी यवतमाळची, लग्न होऊन रायपूरला आलेली. इथं माझा स्वतःचा पोरगा नीलेश मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देतो, तेव्हा "कायले", "काहून" म्हणणारं माणूस भेटलं की मला माहेर भेटल्यासारखं वाटायचं.

बुटक्या, बांधा दणकट. सुती साडी, पदराला सेफ्टी पिन आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नालाही तेच बूट. खोलीत एक पलंग, एक उभा आरसा, भिंतीला धरून चालायचा दांडा आणि वर बुद्धाची तसबीर. फिजिओला कोणी मालिशवाली म्हटलं की झालंच. "मालिश पाहिजे तं न्हाव्याकडं जा बाप्पा, तो गाणं पण म्हणते."

त्यांची खरी सवय म्हणजे शब्द पकडायची. पेशंटच्या घरचं कोणी एखादा इंग्रजी शब्द तोंडातून काढायचा अवकाश, ताई हात वर करून थांबवणार. "थांब. हा शब्द कोणी देला तुले? काय आहे तो?" समोरचा चाचपडायचा. मग त्या शब्द उलगडून सांगायच्या, आणि पेशंटकडे तोंड करूनच सांगायच्या, घरच्यांकडे नाही. सांगून झालं की म्हणायच्या, "आता तू मले सांग." पेशंटनं आपल्या शब्दांत सांगायचं. गडबडला तर ताईंची उजवी तर्जनी हवेत गोल फिरायची, कपात साखर ढवळावी तशी. म्हणजे, पुन्हा सांग. नीट सांगितलं की हाताची पाठ दाराकडं झटकायच्या: हं, निघ आता, कामाला लाग. शाबासकी बिबासकी काही नाही. त्यांचं ते हात झटकणं हीच शाबासकी, आणि ती मिळाली की मोठमोठी माणसं खुश होऊन जायची.

अभनपूरकडून एक शेतकरी यायचे, मेहतर काका. साखरेच्या दुखण्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. नकली पाय बसवायच्या आधीची कसरत करायला यायचे. एक दिवस खाली मान घालून बसले आणि बायको पुढं काही बोलू देईना. शेवटी काकाच बोलले, "दीदी, मोर गोड़ पिराथे." पाय दुखतो. कोणता? तर जो नाही तो! त्याची बोटं दुखतात, टाचेला मुंग्या येतात. बायकोनं कपाळाला हात लावला. तिनं गावातल्या बैगाकडून, म्हणजे मांत्रिकाकडून, झाडफूक करून आणली होती आणि त्यानं सांगितलं होतं, कापलेला पाय परत मागायला आला आहे. दवाखान्यात कोणीतरी 'फँटम पेन' म्हटलेलं, आणि नीलेशच्या वयाच्या त्यांच्या पुतण्यानं मोबाईलवर पाहून त्याचा अर्थ भूत असा सांगितला होता. मग तर काय, आगीत तेल.

ताई हसल्या नाहीत. काकांसमोर स्टुलावर बसल्या आणि छत्तीसगढीत विचारलं, तुमच्या गावात रस्ता रुंद करताना कोणाचं घर पाडलं का? हव, पाडलं, काका म्हणाले. त्या घराचं बिजलीचं बिल यायचं बंद झालं का लगेच? काका खुदकन हसले. कुठलं हो दीदी, बिल येतच राहिलं, ऑफिसला कोणी कळवलंच नव्हतं! "बस," ताई म्हणाल्या, "पाय गेला हे तुमच्या डोक्यातल्या ऑफिसला अजून कळलं नाही. ते बिल पाठवून राहिलं. दुखणं खरं आहे, भूतबीत काही नाही. आपण ऑफिसला कळवू." मग गेलेल्या पायाच्या जागी चांगल्या पायाचं रूप दिसेल असा आरसा आडवा लावून चांगल्या पायाची कसरत सुरू झाली. काकांनी सगळं पुन्हा सांगितलं, बायकोनंही सांगितलं, आणि ताईंनी हात झटकला. पुढच्या खेपेला बायकोनं भाजीची अख्खी टोपली आणली होती.

हे सगळं मी पुढं पाहिलं; ताई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या दिवशी मात्र मी त्यांना हाकलून द्यायचंच बाकी ठेवलं होतं.

आमचे हे, दिवाकरराव, रेल्वेच्या ऑफिसात होते. दाढी करता करता उजव्या हातातून रेझर गळून पडलं, मग हे स्वतःच बेसिनवर कोसळले. लकवा. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला रीतीप्रमाणे बाहेर बोलावलं. मेंदूतली रक्ताची नळी बंद पडली होती, उजवी बाजू कमजोर राहील, कसरत करा, पूर्ण सुधारेल असं सांगता येत नाही. मी ऐकलं, पदरानं तोंड पुसलं आणि आत जाऊन सांगितलं, "अशक्तपणा आहे. दिवाळीपर्यंत ठणठणीत व्हाल." काय करणार? आमच्याकडं असंच सांगतात. आजाऱ्याचं मन मोडू नये म्हणतात.

आणि हे पडले रेल्वेचे माणूस. दिवाळी म्हटलं ना, मग दिवाळी. पलंगावर पडून वाट बघत राहिले, गाडी लेट आहे पण येणार, अशा थाटात. आम्ही सेवेत काही कमी ठेवली नाही. मी घास भरवायची, नीलेश दाढी करून द्यायचा, नणंद यवतमाळहून तेल घेऊन आली. भेटायला येणारा प्रत्येक जण हसऱ्या तोंडाचा रबरी बॉल आणायचा. "भैया, दबाते रहिए, ताकत आएगी." एक दिवस यांची उजवी मूठ आपोआप घट्ट वळली आणि आमच्या घरात आनंदीआनंद! मी देवापुढं पेढे ठेवले. मुठीची बोटं सोडवायला नीलेशला जोर लावावा लागत होता, त्याचंही आम्हाला कौतुकच.

शेजारणीनं विमलताईंचं नाव सांगितलं आणि त्या आल्या. दारातच मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि कुजबुजले, "ताई, त्यांना काही सांगू नका हं. त्यांना माहीत नाही. खचून जातील."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पलंगाकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमची बायको मले इथं कोपऱ्यात काहीतरी सांगून राहिली. तुमच्याबद्दलच आहे. तुमच्यासमोर बोलू का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. यांची जीभ तेव्हा जड होती, पण शब्द कळत होते. म्हणाले, "बो...बोला."

"काय झालं तुम्हाले?"

"अशक्तपणा. दिवाळीपर्यंत..."

ताई स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "ऐका. अशक्तपणा नाही. लकवा आहे. तुम्ही ऑफिसातले ना? मग समजा, मेंदू म्हणजे मोठं ऑफिस. एका टेबलावरचा बाबू मेला. तोच तुमचा उजवा हात आन् पाय चालवत होता. मेलेला बाबू परत येत नाही. आता त्याचं काम शेजारच्या टेबलावरच्याले शिकावं लागंल. पण तो काय स्वतःहून शिकणार आहे? सरकारी माणूस आहे तो! त्याच्या टेबलावर रोज फायली आदळल्या, रोज डोक्यावर बसलं, तं हळूहळू शिकते. नाही आदळल्या तं मस्त चहा पीत बसते."

हे हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले. मग हसू विरलं. "म्हणजे... दिवाळी?"

"दिवाळी येईल भाऊ. हात येईलच असं नाही. थोडा येईल. कदाचित बराच येईल. पण झोपून वाट पाहून येणार नाही."

यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि रडायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "समाधान झालं तुमचं? निघा आता." त्या निघाल्या नाहीत. समजूतही घातली नाही. स्टुलावर तशाच बसून राहिल्या, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं हे भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाले, "काय करायचं मग?"

"आधी ते बॉल फेका," ताई म्हणाल्या.

मग आम्हाला 'स्पास्टिसिटी' कळली. मूठ वळली ती ताकद नव्हे. वरून लगाम धरणारा नाही म्हणून स्नायू आपल्या मनानं आखडून बसला. "बैल दावं तोडून पळाला तं त्याले नांगर येते म्हणाल का? आन् तुम्ही बॉल दाबायले देऊन राहिले! आखडलेल्याले आणखी आखडवून राहिले! याले मूठ उघडायले शिकवायचं आहे." सगळे बॉल गल्लीतल्या पोट्ट्यांना देऊन टाकले. पेढ्यांची गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नाही.

दुसरा हुकूम, सेवा बंद. घास भरवायचा नाही, शर्टाची बटणं लावून द्यायची नाहीत. "तूच सगळ्या फायली निपटवल्या तं तो शेजारचा बाबू शिकंल कायले?" हे मला फार जड गेलं. डाव्या हातानं हे भात सांडत जेवत, उजवा हात ताटाशी ठेवून त्यानं वाटी धरायची धडपड करत, आणि मी समोर हात बांधून बसलेली. नणंद तर मला तोंडावर कठोर म्हणून यवतमाळला निघून गेली.

दिवाळी आली तेव्हा हे भिंत धरून दारापर्यंत गेले आणि पणत्या पाहिल्या, एवढंच. पण उन्हाळा लागता लागता एका सकाळी मला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. हे ओट्याशी उभे. पायात पट्टा, कारण पाऊल लोंबतं, त्याला 'फूट ड्रॉप' म्हणतात. उजव्या हाताची बोटं पातेल्याच्या कडेला टेकवलेली आणि डाव्या हातानं साखर. लग्न झाल्यापासून सकाळचा चहा हेच करायचे. तो चहा इतका गोड झाला होता की घशाखाली उतरेना. मी सगळा प्याले आणि वर रडले. संध्याकाळी ताईंना सांगायला गेले तर त्यांनी हात झटकला. झालं, एवढंच.

त्यानंतर आम्ही दोघं रोज संध्याकाळी तिकडंच. यांची कसरत व्हायची आणि मी बाकावर बसून ताईंचं बोलणं ऐकायची. मुर्रा, म्हणजे आपले मुरमुरे, आणि शेंगदाणे मधे असायचे. ताई तिखट इतकं खायच्या की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं, आणि "पोटाले सवय आहे" म्हणून पुन्हा हिरवी मिरची चावायच्या. स्वतःचं ब्लडप्रेशर कधी तपासत नव्हत्या. मी बोलले की म्हणायच्या, "गप बस वं, मी पेशंट नाही." तेव्हा मी आणखी भांडायला हवं होतं.

त्यांचं नेहमी बरोबरच असायचं असं मी म्हणणार नाही. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला एक तरणा पोरगा होता. बांधकामावरून पडून पाठीचा मणका मोडलेला. आई त्याला रिक्षातून घेऊन आली. त्यानं विचारलं, "दीदी, कुर्सी पर बैठ पाऊँगा क्या?" ताईंनी त्याला तपासलं आणि बसण्याचं तर सांगितलंच, पण त्याच दमात हेही सांगून टाकलं की पाय आता चालणार नाहीत, चाकाच्या खुर्चीवर सगळं करायला शिकू. आई उठली. "आपने मेरे बच्चे के सामने ये बोला?" एवढंच म्हणाली आणि त्याला घेऊन गेली, ती परत आली नाही. कोणी म्हणे, कुठल्याशा तेलवाल्याकडं नेलं.

त्या दिवशी ताईंनी मुर्र्याला हात लावला नाही. म्हणाल्या, "सुनंदा, सांगितलं ते खरं होतं. पण पोट्ट्यानं विचारलं होतं बसायचं. मी न विचारलेलंही त्याच्या अंगावर टाकलं. ज्याची बातमी त्याची, तं किती घ्यायची हेही त्यानंच ठरवायचं ना?" तेव्हापासून 'प्रोग्नोसिस' हा शब्द आला की त्या आधी विचारायच्या, "पुढं काय होईल याचा अंदाज आहे हा. हवामान खात्यासारखा, चुकू पण शकते. किती सांगू? आजच्यापुरतं, का सगळं?" काही जण म्हणायचे, आजच्यापुरतं. ताई तेवढंच सांगायच्या. पण ब्राह्मणपाऱ्यातून जाताना त्या एका घराकडं हमखास बघायच्या, आणि दार बंद दिसलं की चाल धीमी व्हायची.

मागच्या वर्षी ताईंनाच लकवा मारला. पांढरे बूट चढवता चढवता पडल्या. त्यांची भाची प्रांजली त्यांच्याजवळ राहायची. तिनं मला फोन केला आणि मी दवाखान्यात पोचले. डावी बाजू गेली होती. बोलणं बंद, गिळणं बंद, नाकातून नळी. पण समज शाबूत होती. मी दिसले तशी त्यांनी माझ्या चपलांकडं पाहून कपाळाला आठी घातली. घाईत मी दोन वेगवेगळ्या घालून आले होते.

काही दिवस बरे गेले. मग छातीत कफ भरला, ताप उतरेना, पुन्हा तपासण्या झाल्या. दुपारी डॉक्टर आले. तरुण मुलगा, दमलेला, पण चांगला. त्यानं ताईंची छाती तपासली, हसून "ठीक हैं आप, आराम कीजिए" म्हणाला आणि दाराशी जाऊन प्रांजलीला म्हणाला, "ज़रा बाहर आइए."

प्रांजली उठली. मी ताईंकडं पाहिलं. त्या दाराकडं बघत होत्या. त्यांची नजर मला आयुष्यभर पुरेल. राग नव्हता हो त्यात, राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्या घाबरल्या होत्या.

"डॉक्टर साहब," मी म्हणाले, "यहीं बताइए. इनके सामने."

प्रांजली माझा हात ओढायला लागली, "मौसी, प्लीज़, नहीं." डॉक्टरही घुटमळला. मी म्हटलं, "बेटा, इन्होंने ज़िंदगी भर किसी को बाहर नहीं बुलाया." तो परत आला आणि पलंगाशी उभा राहिला. हिंदीत, मधे मधे इंग्रजी शब्द घालत, सगळं बोलला. शेवटी त्याचा आवाज बारीक झाला. मग तो गेला, आणि प्रांजली खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

आता सांगायचं माझ्याकडं आलं. ताईंचीच रीत ती, ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. मी स्टूल ओढलं, त्यांचा उजवा हात धरला आणि माझ्या तोंडून काय निघावं? "ताई, थोडा कफ झाला आहे. वेळ लागेल, पण होईल बरं."

त्यांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला. तर्जनी उचलली. फार हळू, पण ती हवेत गोल फिरली.

मला रडूच फुटलं. पदरानं तोंड पुसून मी विचारलं, "किती सांगू? आजच्यापुरतं का सगळं?"

बोट पुन्हा फिरलं.

"बरं," मी म्हणाले. "मेंदूतला मोठा भाग गेला ताई. काल पुन्हा आणखी थोडा गेला. आता शेजारच्या टेबलावर शिकवायलाच कोणी उरलं नाही. गिळता येत नाही म्हणून लाळ छातीत उतरते, त्यानं न्यूमोनिया झाला. औषध देऊन राहिले, पण ते लागू पडून नाही राहिलं. बोलणं परत येणार नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. अंदाज आहे, चुकू पण शकते. पण त्यांना वाटत नाही चुकेल."

मी बोटाकडं बघत राहिले. ते फिरलं नाही. ताईंनी डोळे मिटले, कडेनं पाणी आलं, ते मी पुसलं नाही. चेहऱ्यावरची ती भीती मात्र हळूहळू उतरली. मग त्यांनी प्रांजलीकडं हात केला. ती आली, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. पोरीला जे करायचं ते तिनं तेव्हा केलं, मनसोक्त रडली आणि त्यांना काय काय सांगत राहिली.

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. यांच्या चहाची वेळ झाली होती, ते घरी एकटे होते. ताईंना ते माहीत असणारच. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, उजवा हात चादरीवरून जेमतेम उचलला आणि हाताची पाठ दाराकडं झटकली.

इतकी वर्षं त्यांनी हात झटकला की मी निघत आले होते. त्या दिवशी नाही निघाले. स्टूल पुढं ओढलं आणि तिथंच बसून राहिले.